अंगठा शाबूत ठेवून आभार

दोस्तांनो,

हा अंक छापखान्यात जाईल तेव्हा आमचा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर अजून व्हायचा असेल. त्याआधी येत्या शनिवारी कॉलेजात निरोप समारंभ आहे. वर्गात प्रत्येकी दोनशे रुपये वर्गणी काढलीय. स्टेजवर शाल, श्रीफळ, गुच्छ. मग ग्रुप फोटो. मग बटाटावडा. आणि मधल्या वेळात 'विद्यार्थ्यांच्या वतीने कृतज्ञतेचे चार शब्द'. ते चार शब्द बोलायला समितीने मला उभं केलंय. का, तर म्हणे हा मासिक-बिसिक काढतो, याला भाषा येते.

सोबत एक कागदही दिला. गेल्या वर्षीचं भाषण. सुरुवातीला तो नेहमीचा संस्कृत श्लोक, गुरूला थेट देवांच्या रांगेत नेऊन बसवणारा. मग 'ज्ञानमंदिर', 'पवित्र चरण', 'मातीच्या गोळ्याला आकार'. शेवटी, तुमच्या उपकारांतून आम्ही कधीच उतराई होणार नाही. नावं बदल आणि वाच, म्हणाले.

कागद खिशात घालून मी रात्री आपल्या बैठकीला आलो. अंकाची जुळवाजुळव चालली होती. कागद वाचून दाखवला आणि बैठक फुटली.

एकजण उसळला, "आभार कसले साले? पगार घेतात ना महिन्याच्या महिन्याला? बस कंडक्टरचे आभार मानतोस का, मला दादरला सोडलंस म्हणून?" दुसरी गप्प बसली होती, ती म्हणाली, "माझी आई आजारी पडली तेव्हा मी कॉलेज सोडलं होतं. सर घरी आले. वस्तीत, नाला ओलांडून. मी पाया पडणार आहे त्यांच्या. तू कोण मला अडवणार?" तिसरा म्हणाला, "पाया? आपण? मग एवढी वर्षं काय केलं?" रात्रीचे दीड वाजले. अंक बाजूला राहिला. म्हणून या अंकाचं संपादकीय याच भांडणावर. मी कुणाची बाजू घेतो ते शेवटी सांगतो. आधी भांडण नीट मांडू द्या.

पहिल्या दोस्ताचं म्हणणं हलकं समजू नका. आभार, उपकार, गुरू, दक्षिणा हे शब्द आपल्या कानाला गोड लागत नाहीत त्याला कारण आहे. इथल्या संस्कृतीने आपल्याला शिष्य म्हणून पहिला जो माणूस दाखवला तो एकलव्य. ज्याने शिकवलं नाही त्यानेच दक्षिणा मागितली, आणि ज्याला शिकवलं नाही त्याने अंगठा कापून दिला. वर हजारो वर्षं शाबासकी कुणाला? देणाऱ्याला. कसा आदर्श शिष्य! मागणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझा हिशेब कसा लागतो? गुरुभक्तीचा हा धडा आपल्या पोरांना शाळेच्या पुस्तकातून पाठ करायला लावला गेलाय. तेव्हा कुणी 'पवित्र चरण' म्हणालं की आपला हात आपोआप अंगठा चाचपतो. हा आजार नाही, ही शहाणीव आहे.

आणि महाभारतापर्यंत जायची गरजही नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गात यादी घेऊन एकजण आला आणि म्हणाला, "स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा." एकशे वीसच्या वर्गात आम्ही तीसएक उभे राहिलो. बाकीच्यांनी मान वळवून बघून घेतलं. त्या दिवसापासून कोण कोण आहे ते सगळ्यांना माहीत. त्याच ऑफिसच्या खिडकीवर मी जात वैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन चार वेळा गेलो. चौथ्या वेळी आतला माणूस हसून म्हणाला, "तुमचं बरं आहे, सगळं फुकट." माझी आई इस्पितळात कंत्राटावर सफाईचं काम करते. मी सकाळी साडेसातला कॉलेज करतो आणि अकरापासून रात्री आठपर्यंत कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं उचलतो. आणि ह्याला वाटतं फुकट!

आता निरोपाच्या दिवशी या सगळ्यांना मिळून एकच शाल पांघरायची? 'आमच्या महाविद्यालयाने आम्हाला घडवलं' असं एका दमात म्हणायचं? मी नाही म्हणणार. माझी जीभ वळणार नाही.

इथपर्यंत मी पहिल्या दोस्ताबरोबर आहे. पण माझी गाडी पुढं एका लाल शाईच्या रेघेपाशी अडते.

पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या मॅडमनी निबंध लिहायला दिला होता, शेतजमिनीच्या तुकड्यांवर. मी आठ पानं लिहिली. बाबासाहेब, भूमिहीन, जमीनदार, क्रांती. मला वाटलं बाई हादरणार. वही परत आली तर समासात लाल शाईने एकच ओळ होती. बाबासाहेबांनी या विषयावर जे लिहिलंय ते तू वाचलं आहेस का?

मी पेटलो. ही कोण मला बाबासाहेब शिकवणार? आडनावावरून कोण आहे ते कळतच होतं. स्टाफरूममध्ये गेलो ते भांडायलाच. आमच्या स्टाफरूममध्ये विद्यार्थी उभ्याने बोलतात, तशी पद्धतच आहे. मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस. भांडण लांबणार आहे." मग शांतपणे विचारलं, "तू लिहिलंयस ते बाबासाहेब कुठं म्हणालेत? साल सांग."

मला साल माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं. घरात तसबीर, गळ्यात पदक, तोंडात घोषणा आणि वाचन शून्य. हे लिहिताना आजही कान तापतात.

भारतातल्या लहान जमीनधारणेवरचा बाबासाहेबांचा निबंध १९१८ सालचा आहे. महाराष्ट्र सरकारने त्यांच्या लेखन-भाषणांचा जो पहिला खंड १९७९ साली काढला त्यात तो आहे. खंड लायब्ररीत होता, पण 'घरी नेता येणार नाही' असा शिक्का मारलेला. लायब्ररीतल्या काकांनी माझा कुरिअरचा टी-शर्ट बघितला आणि विचारलं, "दिवसा बसून वाचायला वेळ नाही ना तुला?" नाही म्हणालो. "रात्री ने. सकाळी साडेसातला टेबलावर पाहिजे. हरवलंस तर माझ्या पगारातून जाईल." तीन रात्री तो खंड आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत माझ्या उशाशी होता.

आणि वाचतो तर काय! शेताचा आकार लहान म्हणून शेतकरी गरीब, एवढं सोपं उत्तर त्या माणसाने दिलेलंच नाही. तो म्हणतो, शेत लहान की मोठं हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर भांडवल नि श्रम किती आहेत त्यावर ठरतं. जमिनीवर पोट भरणाऱ्यांचा भार जास्त आहे, तो काढायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. मी आठ पानांत जे बाबासाहेबांच्या तोंडी घातलं होतं त्यातलं निम्मं त्यांचं नव्हतंच. माझ्या घोषणेपेक्षा त्यांचं डोकं फार पुढं होतं. हे मला कुणी दाखवलं? मॅडमनी नाही दाखवलं. त्यांनी फक्त विचारलं. पण विचारलं नसतं तर मी आजही तीच आठ पानं मोठ्याने वाचत फिरलो असतो, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या वर्षी त्यांनी सहाव्या खंडाकडे ढकललं. त्यात 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ आहे, मूळ इंग्रजीत, १९२३ साली लंडनहून निघालेला. मला त्यातलं सगळं कळलं असं खोटं सांगत नाही. सुवर्ण विनिमय परिमाण म्हणजे काय हे समजायला मला दिवाळीची सुट्टी गेली. पण ग्रंथाच्या आधीची काही पानं मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण त्या पानांत आपल्या बैठकीतल्या भांडणाचं उत्तर आहे.

ग्रंथाला प्रस्तावना आहे एडविन कॅनन यांची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले बाबासाहेबांचे प्राध्यापक. प्रस्तावनेत माणूस काय लिहितो? माझा गुणी विद्यार्थी, माझ्या पावलावर पाऊल. कॅनन सरळ लिहितात की आंबेडकरांची बरीचशी टीका मला पटत नाही. आणि पुढं हेही लिहितात की जिथं मला तो साफ चुकला असं वाटलं तिथंही त्याच्या मांडणीतला ताजेपणा मला चालना देऊन गेला. असं म्हणणारा मास्तर आपल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाला स्वतःचं नाव लावतो!

आता विद्यार्थ्याची बाजू बघा. बाबासाहेब आपल्या मनोगतात कॅननचं ऋण मोकळ्या मनाने मानतात, ते फिटणार नाही इतकं म्हणतात. आणि त्याच दमात स्पष्ट करतात की या पुस्तकातल्या मतांची जबाबदारी प्राध्यापकांवर नाही. त्यांनी माझी मांडणी कठोरपणे तपासली, त्यामुळे मी चुकांतून वाचलो. आभार कशाचे, तर कठोर तपासणीचे. मत कुणाचं, तर माझं. दोस्तांनो, हे वाचलं आणि मला माझ्या वहीतली लाल रेघ आठवली.

बाबासाहेबांना मास्तर कसले कसले भेटले! एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य पोराला संस्कृत शिकवायला मास्तर तयार नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. फळ्यामागे सवर्ण पोरांचे डबे; हा फळ्याकडे निघाला की डबे बाटतील म्हणून पोरांची पळापळ. त्या मास्तरांचे आभार त्यांनी कधी मानल्याचं मला सापडलं नाही, आणि का मानावेत? पण १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र या पोराच्या हातात ठेवलं. पुढं याच गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये मिळू लागले. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तकं दिली, कपडेही दिले. १९१३ साली न्यूयॉर्कला गेल्यावर सेलिग्मन भेटले, ड्यूई भेटले.

या माणसाने आभार कसे मानले ते बघा. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली आला. प्रस्तावना सेलिग्मनची, अर्पण सयाजीरावांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल. ड्यूईंचे आभार कुठं? कुठल्या समारंभात नाही. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये, लाहोरच्या ज्या सभेत ते वाचायचं होतं ती सभाच आयोजकांनी रद्द केली त्या भाषणात, ऐन युक्तिवादाच्या मधोमध त्यांचा उल्लेख येतो. हे माझे शिक्षक, यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे, असं सांगून तो माणूस ड्यूईंचाच विचार हत्यार म्हणून चालवतो, इथल्या धर्मशास्त्रावर. आणि १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' अर्पण केलं जोतीराव फुल्यांना. फुले वारले नोव्हेंबर १८९० मध्ये, बाबासाहेब जन्मले एप्रिल १८९१ मध्ये. भेट नाही, वर्ग नाही, हजेरी नाही. तरी गुरू. एकलव्यानेही न शिकवणाऱ्यालाच गुरू मानलं होतं. पण फुल्यांनी अंगठा मागितला नाही, लेखणी ठेवून गेले.

त्याच्याही आधी जा. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली मुक्ता साळवे. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. चौदा-एक वर्षांची पोर. वेद आमचे म्हणणाऱ्यांना ती विचारते, मग आमचा धर्म कुठला? इमारतींच्या पायात आमच्या माणसांना पुरलं याचा जाब मागते. सावित्रीबाईंना आणि जोतीरावांना त्यांच्या कष्टांच्या बदल्यात काय मिळालं? शाल नाही. असा निबंध लिहिणारी विद्यार्थिनी मिळाली. मास्तरकीचं याहून मोठं मोल मला ठाऊक नाही.

तर माझं म्हणणं असं. हक्काचे आभार मानायचे नाहीत, माणसाचे मानायचे. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून आपली बैठक फुटते.

कॉलेजातली जागा हा माझा हक्क आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या कलमाला चौथं पोटकलम जोडलं गेलं, त्यामागे रस्त्यावरची माणसं होती. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. ती कुणा क्लार्कच्या खिशातून येत नाही. तास, परीक्षा, निकाल, हेही कुणाचे उपकार नाहीत. यासाठी हात जोडाल तर उद्या तेच लोक म्हणतील, बघा, देत होतो ते उपकारच होते, आता नाही देत.

पण लायब्ररीतल्या काकांनी स्वतःच्या पगारावर जोखीम घेऊन खंड घरी दिला, तो माझा हक्क नव्हता. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, महाडीबीटीची साइट उघडत नव्हती. तेव्हा आपला एक सीनियर झेरॉक्सच्या दुकानात माझ्याबरोबर रात्री साडेअकरापर्यंत बसला. त्याची दुसऱ्या दिवशी स्वतःची परीक्षा होती. शिष्यवृत्ती हक्क होती. त्याचं बसणं हक्क नव्हतं. मॅडमना वहीवर नुसते पाचपैकी तीन मार्क टाकून मोकळं होता आलं असतं. त्यांनी भांडणाला खुर्ची दिली.

आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईला काय तरी न्यायला पायजे. रिकाम्या हातानं जाऊ नको." आणि डबा दिला. भाकरी आणि सुकट. मी म्हणालो, आई, सुकट कशाला, स्टाफरूममध्ये वास सुटेल. ती म्हणाली, "सुटू दे. आपल्या घरचं हाय ते." मॅडमनी डबा तिथंच उघडला. दोघा-तिघांनी नाकाला रुमाल लावला, एकजण उठून बाहेर गेला. मॅडम जेवल्या. मी बघत होतो आणि डोक्यात दुसरीच स्टाफरूम होती. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा स्टाफरूममधल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली होती. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकून आलेल्या प्राध्यापकाला माठ बंद!

जेवल्या म्हणून मॅडमना पदक द्यायचं का? अजिबात नाही. माणसाने माणसाच्या घरचं खाल्लं, त्यात कसलं पदक? शंभर वर्षांनंतरही एक डबा उघडल्याने खोली रिकामी होते, ही त्या खोलीची लाज आहे. आणि इथं मला दुसऱ्या मैत्रिणीलाही एक सांगायचंय. एक चांगली मॅडम म्हणजे चांगलं कॉलेज नव्हे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, एमडी करणारी आदिवासी मुलगी. आपण दोन्ही वेळा रस्त्यावर होतो. पोरापोरींचं आयुष्य असं नशिबाच्या भरवशावर टांगता येत नाही की भेटली चांगली मॅडम तर वाचलात, नाही भेटली तर मेलात. कुणाचा स्वभाव चांगला आहे म्हणून न्याय मिळणं हा न्याय नाही. म्हणून मॅडमचे आभार मानायचे आणि त्याच तोंडाने कॉलेजला विचारायचं की तक्रारीची खिडकी कुठंय, समितीवर कोण आहे, आणि यादी हातात घेऊन भर वर्गात आम्हाला उभं करायचा अधिकार कुणी दिला?

आता शनिवारचं.

समितीने अकरा शाली आणल्यात. यादीत अकरा नावं. मी नावं वाचली आणि म्हणालो, राज्यशास्त्राचे सर कुठंयत? उत्तर आलं, "ते कायम नाहीत. तासिका तत्त्वावरचे आहेत. फोटोतही कायमचेच असतात."

या सरांना ओळखणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सकाळी आमच्या कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, दोन्हीकडे तासावर पैसे. तास झाला तर पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आल्या की हात रिकामे. तेही पैसे महिनोन्महिने अडकलेले. पदव्या कायमवाल्यांपेक्षा कमी नाहीत. आणि हाच माणूस दोन वर्षं दर रविवारी आपल्या वस्तीतल्या विहारात येऊन संविधान शिकवून गेला. एक रुपया न घेता. आपल्या पोरांना अॅडमिशनच्या पत्रातलं इंग्रजी त्यांनीच दुरुस्त करून दिलं. आणि शालीच्या यादीत नाव नाही!

मी सरांना भेटलो. म्हणालो, सर, शनिवारी मी तुमचं नाव स्टेजवरून घेणार. ते हसले. "शाल नको रे. दोन वर्षांत एकदा वेळेवर पैसे मिळाले तर ती शाल." मग गंभीर झाले. "आणि नाव घेऊ नकोस. जूनमध्ये मला परत घ्यायचंय त्यांना. पोरांना भडकवतो म्हणून घेतलं नाही, तर तुझे आभार मला महागात पडतील."

दोस्तांनो, यावर मी दोन रात्री झोपलो नाही. ज्याचे आभार मानायचे त्याचं नाव घेतलं तर त्याची भाकरी जाते! म्हणजे निरोप समारंभात सुरक्षित आभार मानता येतात ते फक्त ज्यांच्या खुर्च्या पक्क्या आहेत त्यांचेच. असला समारंभ काय कामाचा?

म्हणून शनिवारी मी काय करणार ते इथं सांगून ठेवतो. तो श्लोक म्हणणार नाही. नाव एकाचंही घेणार नाही, मॅडमचंही नाही. घेतलेली कामं सांगणार. एकाने पुस्तक घरी दिलं. एकीने वहीवर प्रश्न लिहिला. एकजण वस्तीत आले. एकाने रविवार दिले. ज्यांचं काम त्यांना कळेल. आणि मग एक निवेदन वाचणार, प्राचार्यांच्या नावाने, सगळ्या तासिका शिक्षकांसाठी. महिन्याचे पैसे महिन्यात द्या, आणि पुढच्या वर्षापासून निरोपाच्या यादीत शिकवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाला, ग्रंथालयातल्या आणि शिपायांच्या नावासकट. आतापर्यंत चौसष्ट सह्या झाल्यात. सह्या करणाऱ्यांत कायम नोकरीतले दोन प्राध्यापकही आहेत. उरलेल्यांना शाल मिळेलच.

समिती म्हणाली, असं असेल तर चार शब्दांना दुसरा बघतो. बघा म्हणालो. निवेदन मी गेटवर वाचेन.

बाकी फेड आपल्या हातातली. जूनमध्ये नवीन पोरं येतील, खिडकीवर तोच माणूस असेल, साइट तशीच बंद पडेल. आपल्यातल्या प्रत्येकाने दोन रात्री द्यायच्या, झेरॉक्सच्या दुकानात, फॉर्म भरायला. आपली शेवटच्या वर्षाची पुस्तकं रद्दीत घालायची नाहीत, विहारातल्या कपाटात ठेवायची. पहिल्या दोन जणांनी ठेवलीत. आणि ज्यांना मास्तर व्हायचंय त्यांनी व्हाच. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला कॉलेज, ते काय नुसते कारकून काढायला? कॅननकडून घेतलेलं ऋण तो माणूस कॅननला परत करायला गेला नाही. ते त्याने आपल्या बापजाद्यांच्या पोरांना दिलं. आपणही पाया पडायला मागं वळू नये. हात पुढं करावा, मागून येणाऱ्याला.

राहिलं एक. हे संपादकीय मी छापण्याआधी मॅडमना दाखवलं. अर्थात लाल शाईने परत आलं. त्यांचे दोन आक्षेप आहेत. पहिला, डब्याचा किस्सा काढून टाक. मी जेवले हे लिहिलंस की ते मोठं होतं, आणि तू मला पुन्हा वर नेऊन बसवतोस, ज्याला तू विरोध करतोस तेच. दुसरा, जे पगार घेऊन शिकवत नाहीत त्यांना तू फार स्वस्तात सोडलंयस. लिहायला भीती वाटली का?

मॅडम, दुसरा आक्षेप मान्य. पुढच्या अंकात. पहिला मान्य नाही. किस्सा ठेवलाय, कारण अंक आला की आई मला वाचून दाखवायला लावणार आणि विचारणार, डब्याचं लिहिलंस का? तुम्हाला पटणार नाही. न पटू दे. खुर्ची आहे ना शेजारी, येतो भांडायला.

दोस्तांनो, शनिवारी सकाळी दहाला कॉलेजच्या गेटवर या. स्टेज मिळो न मिळो.

जयभीम!